चेक (इंग्रजी शब्द)

चेक : इंग्रजीतील एक नाम व क्रियापद. रोखणे, तपासणे, चौकड्यांची नक्षी आणि बँकेचा धनादेश हे चारही अर्थ बुद्धिबळाच्या पटावरून आले आहेत. चेक प्रजासत्ताकाच्या नावाशी मात्र या शब्दाचे काही नाते नाही.

मूळ शब्द फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर चाल झाली की ‘शाह’ असे बजावले जाई. अरबांमार्फत हा खेळ युरोपात गेला. तिथे लॅटिनमध्ये ‘स्काकुस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ अशी रूपे घेत १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत ‘चेक’ झाला. ‘चेस’ हे खेळाचे नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनावरून पडले. मराठीतला ‘शह’ही फारसीच, म्हणजे ‘शह’ आणि ‘चेक’ हे सख्खे भाऊ, एक थेट आलेला आणि दुसरा युरोपला वळसा घालून. ‘चेकमेट’ म्हणजे आपले ‘शह-मात’.

शह बसला की बाकी सारे बेत सोडून आधी राजा वाचवावा लागतो. त्यावरून अचानक अडवणूक, मग अंकुश असा अर्थ रुजला. अंकुश ठेवायचा तर पडताळणी आलीच; ‘तपासणे’ हा आज सर्वाधिक चालणारा अर्थ त्यातूनच पुढे निघाला.

चौकड्यांची वाट निराळी. फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘एशेकिए’ म्हणत; त्यावरील चौकोनांवरून नक्षीचा अर्थ आला. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिना ज्या मेजावर मोजला जाई, ते दहा फूट लांब व पाच फूट रुंद असे आणि त्यावर रेघांचे चौकोन आखलेले काळे कापड अंथरलेले असे. पेनी, शिलिंग, पौंड यांचे रकाने ठरलेले. त्यांत सोंगट्या सरकवून राजाचा महसूल गोळा करणाऱ्या शेरीफांचा हिशेब घेतला जाई. या पटावरून त्या खात्याचेच नाव ‘एक्सचेकर’ पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ दि एक्सचेकर’ म्हणवतो.

बँकेचा चेक त्या मानाने अलीकडचा. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे नुसती हुंडीची स्थळप्रत, लबाडीला आळा घालण्यासाठी जपून ठेवायची. पुढे ते नाव खुद्द धनादेशालाच मिळाले. ब्रिटिशांनी ‘एक्सचेकर’च्या वळणावर त्याचे स्पेलिंग शेवटी ‘क्यू-यू-ई’ असे केले. अमेरिकेने साधेच ठेवले. शिवाय अमेरिकेत हॉटेलच्या बिलालाही चेक म्हणतात, त्यामुळे जेवणानंतर वेटरकडे चेक मागणारा गिऱ्हाईक पैसे द्यायलाच निघालेला असतो.