एकूणाचा पाव की उरलेल्याचा पाव?

आधी ही दोन उदाहरणं लागोपाठ वाचा.

पहिलं: २४ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद अशा आयताकृती भूखंडाच्या १/३ भागावर बांधकाम आहे आणि १/४ भागावर बाग आहे. बाकीची जागा मोकळी आहे. मोकळी जागा किती?

दुसरं: त्याच भूखंडाच्या १/३ भागावर बांधकाम आहे आणि उरलेल्या जागेच्या १/४ भागावर बाग आहे. मोकळी जागा किती?

भूखंडाचं क्षेत्रफळ २४ × १५ म्हणजे ३६० चौरस मीटर. पहिल्या उदाहरणात बांधकाम १२० आणि बाग ९०, त्यामुळे मोकळी जागा १५० चौरस मीटर. दुसऱ्यातही बांधकाम १२०च, पण आता पाव काढायचा तो उरलेल्या २४० चा. म्हणजे बाग ६०, आणि मोकळी जागा १८०. आकडे तेच, अपूर्णांक तेच, तरी उत्तरात ३० चौरस मीटरचा फरक. घाईत वाचणाऱ्याला मात्र दोन्ही उदाहरणं एकच वाटतात, आणि मग ‘गणित येतं, पण शाब्दिक उदाहरणं सुटत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते.

हा ३० चा फरक नेमका कुठून आला, ते आकृतीत लख्ख दिसतं. आयत काढा आणि लांबीचे तीन सारखे भाग करून उभ्या रेघा मारा. रुंदीचे चार सारखे भाग करून आडव्या रेघा मारा. १२ घरं झाली. प्रत्येक घर ८ मीटर लांब, ३.७५ मीटर रुंद, म्हणजे ३० चौरस मीटरचं. डावीकडचा उभा पट्टा बांधकामाचा, त्यात चार घरं गेली.

आता बाग. सगळ्या भूखंडाचा पाव म्हणजे एक अख्खी आडवी ओळ, तीन घरांची. पण त्या ओळीतलं डावीकडचं घर बांधकामाने आधीच अडवलंय. बागेला तीन घरं तर द्यायचीच आहेत, म्हणून तिसरं घर दुसऱ्या ओळीतून घ्यावं लागतं. मोकळी उरली पाच घरं. दुसऱ्या उदाहरणात ही अडचणच नाही. उरलेल्या आठ घरांचा पाव म्हणजे दोन घरं, ओळीतली बांधकामाबाहेरची तेवढीच. मोकळी सहा. दोन्ही उत्तरांतला फरक म्हणजे ते एक घर, बांधकामाच्या जागेचा पाव. ही आकृती एकदा हाताने काढली की नियम पाठ करायची गरज उरत नाही.

रीतही यातूनच निघते. दोन्ही भाग एकूणाचे असतील तर अपूर्णांकांची बेरीज करून १ मधून वजा करायची: १ − (१/३ + १/४) = ५/१२. दुसरा भाग उरलेल्याचा असेल तर काय शिल्लक राहतं ते गुणत जायचं: २/३ × ३/४ = १/२. या गुणाकारात एक गंमत आहे. आधी भूखंडाच्या १/४ भागावर बाग केली आणि मग उरलेल्याच्या १/३ भागावर बांधकाम, तरी शेवटी १८० चौरस मीटरच मोकळे राहतात. बदलते ती वाटणी: बाग ९० आणि बांधकामही ९०.

‘उरलेल्या’ दिसलं की गुणाकार, ‘एकूण’ दिसलं की बेरीज, असली खूणगाठ मला धोक्याची वाटते. पहिल्याच उदाहरणाच्या शेवटी ‘तर उरलेली जागा किती?’ असं विचारलं असतं, तर ही खूण साफ फसली असती. ‘नंतर’ आणि ‘मग’ हे शब्दही तसेच फसवे. ते क्रम सांगतात, पाव कशाचा घ्यायचा हे सांगत नाहीत. ‘१/३ भागावर बाग आणि त्यापैकी १/४ भागात गुलाब’ हा तर तिसराच प्रकार: गुलाब १२० च्या पावात, म्हणजे ३० चौरस मीटरात. म्हणून प्रत्येक अपूर्णांकापाशी थांबून ‘कशाचा?’ एवढंच विचारावं आणि उत्तर त्या अपूर्णांकाखाली लिहून ठेवावं. लांबीचा अर्धा आणि क्षेत्रफळाचा अर्धा यांतला गोंधळही याच प्रश्नाने सुटतो. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली तर क्षेत्रफळ पावच उरतं.

उलट्या उदाहरणात चूक जास्त लपते. समजा, १/३ वर बांधकाम, उरलेल्याच्या १/४ वर बाग, आणि मोकळी जागा १८० चौरस मीटर दिली आहे. एकूण किती? कुणी पहिल्या प्रकाराने सोडवलं तर १८० म्हणजे ५/१२ धरून ४३२ येतात. उत्तर पूर्णांकात, दिसायला व्यवस्थित, संशय यायला जागाच नाही. पण ताळा करून पाहा: ४३२ तून १४४ गेले, उरलेल्या २८८ चा पाव ७२, शिल्लक २१६. हे १८० नव्हेत. ताळा मात्र उदाहरणाची वाक्यं पुन्हा वाचून करायचा. स्वतःचीच समीकरणं उलटी फिरवली तर चुकलेलं उत्तरही बरोबर ठरतं.

हे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत हे भास्कराचार्यांनाही ठाऊक होतं. ११५० च्या सुमाराच्या त्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात दोन्हींची स्वतंत्र उदाहरणं आहेत. एकात कमळांच्या राशीचा १/३, १/५, १/६ आणि १/४ भाग चार देवतांना वाहिला आणि उरलेली ६ कमळं गुरूंना दिली. इथे सगळे भाग मूळ राशीचे. बेरीज ५७/६०, उरले ३/६०, म्हणून एकूण कमळं १२०. दुसऱ्यात एक यात्रेकरू निम्मं धन प्रयागला देतो, उरलेल्याचे २/९ काशीला, त्यातून उरलेल्याचा १/४ वाटेतल्या जकातीत जातो, त्यातूनही उरलेल्याचे ६/१० गयेला, आणि ६३ निष्क (त्या काळची नाणी) घेऊन तो घरी परततो. शिल्लक १/२ × ७/९ × ३/४ × ४/१० = ७/६०, म्हणजे मूळ धन ५४० निष्क. हेच अपूर्णांक एकूणाचे समजून बेरीज केली तर २८३/१८० येते. जवळ होतं त्याच्या दीडपटीहून जास्त धन त्याने वाटलं, आणि वर ६३ निष्क शिल्लकही राहिले!