'आधी रोजगार, मग झाडंबिडं': खरंच असं आहे का?

कोरोनाच्या टाळेबंदीपासून एक वाक्य कानावर पडतंय: 'पर्यावरणावर खर्च ही चैन आहे. आधी लोकांच्या हाताला काम द्या.' जणू या दोन वेगळ्या तिजोऱ्याच आहेत!

मे २०२० मध्ये केंद्राने मनरेगाला, म्हणजे ग्रामीण रोजगार हमी योजनेला, ६१,५०० कोटींच्या मूळ तरतुदीवर आणखी ४०,००० कोटी दिले. शहरांतून परतलेल्या मजुरांना त्यातूनच काम मिळालं. काम कसलं? बऱ्याच ठिकाणी जलसंधारणाचं. माळरानाच्या उतारावर दोन फूट रुंद, फूटभर खोल समतल चर (एकाच उंचीच्या रेषेत जाणारा आडवा चर) खणायचा, निघालेली माती खालच्या कडेला रचायची आणि त्या बांधावर रोपं लावायची. पाणी वाहून न जाता तिथेच मुरतं. यंत्र लागत नाही. टिकाव, फावडं, घमेलं पुरतं. म्हणून पैसा सिमेंट-सळईत न अडकता थेट मजुरीत जातो. कायद्यातच मजुरीचा वाटा किमान ६० टक्के ठरवलेला होता.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर बांधबंदिस्ती, पाझर तलाव हेही चाललं होतं. तेव्हा त्याला 'हरित' म्हणायची फॅशन नव्हती, एवढंच.

अर्थात हिरवा शिक्का मारला की रोजगार आलाच, असंही नाही. सौर प्रकल्प उभारताना माणसं लागतात, नंतर मोजकीच. पॅनेल आयात केली, तर कारखान्यातला रोजगारही बाहेरच जातो. तेव्हा कुठल्याही योजनेत पहिला प्रश्न हाच विचारावा: शंभर रुपयांतले मजुरीत किती?