मोजणी जुळली, पण रांग जुळली का?

उड्डाणपुलाचा नवा प्रस्ताव आला की त्याच्यासोबत एक रंगीत संगणकीय चित्रफीतही येते. तिच्यात गाड्या शिस्तीत धावतात, कोंडी नाहीशी होते आणि पाहणारे मान डोलावतात. संगणकाने दाखवले म्हणजे सिद्धच झाले, ही श्रद्धा राशिभविष्यावरील श्रद्धेइतकीच निराधार आहे. वाहतुकीच्या प्रतिरूपाला, म्हणजे रस्त्यावरच्या वाहतुकीची संगणकात उभी केलेली नक्कल असलेल्या या मॉडेलला, उद्याचे सांगण्याआधी आजचे बरोबर सांगून दाखवावे लागते. त्यासाठी त्यातील आकडे प्रत्यक्ष रस्त्याशी जुळवण्याच्या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात.

प्रतिरूपातील प्रत्येक चालक काही ठरावीक नियमांनी वागतो. ‘व्हिसिम’ या वाहतुकीची प्रतिरूपे बनवण्याच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमधील असे मूळ नियम जर्मनीतील वाहतूक संशोधक वीडेमान यांनी १९७४ मध्ये मांडले आणि त्यांत थांबलेल्या दोन गाड्यांमध्ये सरासरी दोन मीटर अंतर गृहीत धरलेले असते. नागपूरच्या व्हरायटी चौकात लाल दिवा लागला की दुचाकी मोटारींच्या फटींतून सरकत थेट झेब्रा पट्ट्यांवर येतात आणि हिरवा दिवा लागताच त्यांचा अख्खा घोळका एकदम सुटतो. लेनमध्ये एकामागे एक उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या गणितात हे बसत नाही.

मोजलेली आणि प्रतिरूपातून आलेली वाहनसंख्या किती जुळते, हे पाहण्यासाठी ‘जीईएच’ हा निर्देशांक वापरतात. दोन संख्यांतील फरकाच्या वर्गाची दुप्पट करायची, तिला त्या दोन संख्यांच्या बेरजेने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. गल्लीत ताशी ५० ऐवजी ६० वाहने आली तर उत्तर सुमारे १.३५ येते, हमरस्त्यावर २००० ऐवजी २४०० आली तर सुमारे ८.५. चूक दोन्हीकडे २० टक्केच, पण दुसरी नियोजनाला महागात पडणारी. किमान ८५ टक्के ठिकाणी हा आकडा ५ च्या आत असावा, असा प्रचलित दंडक आहे.

मात्र खरी गोम इथेच आहे. सिग्नलवर येणारी सर्व वाहने एका हिरव्या दिव्यात निघून जात असतील, तर थांबलेल्या गाड्यांमधील अंतर दोन मीटर धरा किंवा एक, तासाची मोजणी सारखीच येते. म्हणजे चुकीचे अंतरही बिनबोभाट उत्तीर्ण होते. उलट कोंडी असेल तेव्हा थांबरेषेवरची मोजणी किती वाहने निघाली एवढेच सांगते, किती जणांना जायचे होते ते नाही, कारण उरलेले मागे रांगेत अडकलेले असतात. तीच मोजणी मागणी म्हणून प्रतिरूपात भरली, तर कोंडी कागदावर आपोआप कमी होते. म्हणून रांगेची लांबी आणि प्रवासाला लागणारा वेळही जुळवावा लागतो, आणि अंतराचा खरा कस लागतो तो रांग असतानाच, हिरव्या दिव्याच्या प्रत्येक सेकंदाला किती वाहने रेषा ओलांडतात हे चित्रीकरणावरून मोजून. माझ्या मते, ज्या अहवालात केवळ जीईएचचा तक्ता असतो, तो अर्धाच अहवाल समजावा.

प्रतिरूपात वाहनांचे आगमन यादृच्छिक असते, त्यामुळे ते वेगवेगळ्या बीजसंख्या (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते ते आकडे) देऊन अनेकदा चालवतात आणि सरासरी घेतात. शेवटी पडताळणी येते, आणि ती जुळवणीसाठी न वापरलेल्या आकड्यांवरच व्हायला हवी: सकाळच्या गर्दीवर बसवलेले प्रतिरूप, एकही मूल्य न बदलता, संध्याकाळची रांग दाखवू शकले पाहिजे.