८३ सेंट की ९२ सेंट? पगारातल्या गॅपचं भांडण

बायकांना पुरुषांपेक्षा पगार कमी मिळतो का, हा विषय निघाला की दोन आकडे ठरलेलेच. एक पार्टी म्हणते अमेरिकेत फुलटाइम नोकरी करणाऱ्या पुरुषाला १ डॉलर मिळतो तिथे बाईला साधारण ८३ सेंट, बस, अजून काय पुरावा हवा. दुसरी पार्टी म्हणते अहो तुम्ही नर्सचा पगार सर्जनच्या पगाराशी लावताय, सारखं काम आणि सारखा अनुभव धरून बघा, गॅप बराचसा गायब होतो.

दोघंही खोटं बोलत नाहीयेत. ८३ सेंट हा कच्चा आकडा आहे, सगळ्या पुरुषांचा मधला पगार एकीकडे, सगळ्या बायकांचा दुसरीकडे, कोण काय काम करतं याच्याशी घेणंदेणं नाही. फ्रान्सीन ब्लाऊ आणि लॉरेन्स कान या अर्थतज्ज्ञ जोडीने २०१७ मध्ये एक मोठा पेपर काढला, त्यात २०१० च्या अमेरिकन डेटात तासाच्या पगारातला कच्चा गॅप २१ टक्क्यांच्या आसपास होता, आणि शिक्षण, अनुभव, इंडस्ट्री, कामाचा प्रकार, युनियन हे सगळं हिशोबात धरल्यावर उरला ८ टक्के, म्हणजे १ डॉलरमागे ९२ सेंट. यात शिक्षणाचा काही दोष नाही बरं का, उलट शिक्षणात बायका पुढे निघाल्या. निम्मा गॅप फक्त दोन गोष्टींत होता, कोणतं काम आणि कोणती इंडस्ट्री.

आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात. गॅपचं कारण सापडलं म्हणजे तो योग्य ठरला असं नाही, आणि कारण न सापडलेले ८ टक्के म्हणजे सगळा भेदभाव असंही नाही. मला तर वाटतं टक्क्यांवर भांडण्यापेक्षा गॅप कुठे आणि कधी तयार होतो ते बघावं, ते जास्त इंटरेस्टिंग आहे.

बॉस्टन शहराच्या बस आणि ट्रेन चालवणाऱ्या लोकांचं उदाहरण घ्या. तिथे पगार युनियनच्या करारानुसार, तासाचा रेट सिनियॉरिटीवर, मॅनेजरच्या मर्जीला जागाच नाही, पगाराची घासाघीस नाही, प्रमोशनचं राजकारण नाही. भेदभाव करायचा म्हटलं तरी करणार कुठून? तरीसुद्धा हार्वर्डच्या दोन संशोधकांनी हिशोब काढला तेव्हा पुरुषाच्या १ डॉलरमागे बाईची कमाई ८९ सेंट निघाली. कारण काय, तर ओव्हरटाइम. ओव्हरटाइमला दीडपट रेट, आणि तो बऱ्याचदा ऐनवेळी येतो, उद्या अमुक शिफ्टला माणूस नाही, येतोस का? पुरुष हो म्हणतात. बायका, त्यातही ज्यांच्यावर घरी कोणीतरी अवलंबून आहे त्या, नाही म्हणतात, विनापगारी रजा जास्त घेतात, वीकेंडची आणि तुकड्या-तुकड्यांची शिफ्ट टाळतात. आता याला चॉइस म्हणायचं का? म्हणा, पण मुलाला शाळेतून आणायला दुसरं कोणी नसेल तर तो चॉइस कितपत मोकळा आहे हेही सांगा.

उबरच्या अमेरिकेतल्या ड्रायव्हर्सवर असाच एक अभ्यास झालाय, १० लाखांहून जास्त ड्रायव्हर्सचा डेटा, भाडं ठरवणाऱ्या अल्गोरिदमला ड्रायव्हर बाई की पुरुष याने फरक पडत नाही, तरी तासाच्या कमाईत ७ टक्के गॅप निघाला. कारणं तीन: कुठे आणि केव्हा गाडी चालवता, किती दिवसांचा अनुभव आहे, आणि स्पीड. पुरुष जोरात चालवतात, जवळपास निम्मा गॅप त्यातच गेला. (यातून कोणी काय बोध घ्यायचा तो घ्या, मी मागच्या सीटवर बसणारा आहे.)

आता 'कधी'. डेन्मार्कमध्ये हेन्रिक क्लेव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी रेकॉर्डवरून आई-बापांच्या कमाईचा ग्राफ काढला, पहिलं मूल व्हायच्या आधी दोन्ही रेषा बरोबरीने चाललेल्या. मूल झालं की आईची रेषा धाडकन खाली येते आणि पुढे कितीही वर्षं गेली तरी साधारण २० टक्के खालीच राहते. बापाची रेषा? तिला पत्ताच नाही घरात बाळ आलंय म्हणून. आणि हे डेन्मार्क आहे, जिथे पाळणाघरं आणि रजा याबाबतीत सरकार हात आखडत नाही.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या नोकऱ्या आणि कमाई यांवरच्या अभ्यासासाठीच. त्यांचा मुद्दा असा की काही नोकऱ्या हावरट असतात. आठवड्याला ८० तास देणाऱ्याला ४० तासवाल्याच्या दुप्पट नाही, दुपटीपेक्षा बराच जास्त पगार मिळतो, शिवाय रात्री अकराला क्लायंटचा फोन उचलायचा. मूल झालं की दोघांनी अशी नोकरी करणं अशक्य, एक जण हावरट नोकरी धरतो आणि दुसरी सोयीची घेते, आणि दुसरी कोण ते सांगायला नको.

याच्या उलट उदाहरण त्यांनीच दिलंय, अमेरिकेतले फार्मासिस्ट. पूर्वी स्वतःचं दुकान, मालक म्हणून दिवसभर उभं राहायचं. मग मोठ्या चेन आल्या, हॉस्पिटलं आली, पेशंटचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर गेलं, त्यामुळे सकाळच्या फार्मासिस्टच्या जागी दुपारी दुसरी उभी राहिली तरी काही अडत नाही. पार्टटाइम काम केलं तर पैसे तासांच्या प्रमाणात कमी होतात, वर दंड बसत नाही. चांगल्या पगाराच्या कामांत गॅप अगदी कमी असलेलं हे एक काम आहे, आणि ते कोणी समानतेसाठी मुद्दाम घडवलेलं नाही.

म्हणजे भेदभाव नाहीच का? आहे की. शेली कॉरेल यांनी २००७ मध्ये छापलेल्या प्रयोगात एकाच दर्जाचे सीव्ही दाखवले, फरक इतकाच की एकात शाळेच्या पालक संघटनेचा उल्लेख, म्हणजे ही बाई आई आहे हे कळतं. आईला सुचवलेला पगार ११ हजार डॉलरने कमी आला. बापाचं मात्र काही कमी झालं नाही.

आणि 'सारखं काम' म्हणजे काय हे ठरवतं कोण? १९६८ मध्ये इंग्लंडच्या डॅगनममध्ये फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी संप केला, कारण त्यांचं काम कमी कौशल्याच्या ग्रेडमध्ये टाकलं होतं. संपामुळे रेट वाढला, १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा आला, मोठा विजय म्हणून गाजला. पण ग्रेड बदलून मिळायला १९८४ साल उजाडलं, तेही पुन्हा संप करून.

अलीकडे कायद्यांचा भर पगार उघड करण्यावर आहे. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना गॅप जाहीर करावा लागतो, पण तो कच्चा, त्यामुळे पायलट बहुतेक पुरुष आणि केबिन क्रू बहुतेक बायका असलेली एअरलाइन कायदा न मोडताही भयंकर दिसते. डेन्मार्कने २००६ मध्ये असा नियम केल्यावर गॅप थोडा कमी झाला खरा, पण मुख्यतः पुरुषांची पगारवाढ मंदावली म्हणून. मी तरी याला अर्धंच यश म्हणेन, आणि ज्यांची वाढ अडली ते तेवढंही म्हणणार नाहीत.