विंडोज फॉरमॅट करायच्या आधी हे एकदा वाचा (क्लिओपॅट्रा वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी. आमच्याकडून क्लिओपॅट्रा (फायली आणि मेल कुलूपबंद करायचं सॉफ्टवेअर) बसवून घेतलेल्यांचा महिन्यातून एखादा तरी फोन असा येतोच, "भाऊ, विंडोज नवीन टाकलं, आता जुन्या फायली उघडूनच नाही राहिल्या, पण टेन्शन नाही, की पेनड्राइव्हवर आहे." मी सीताबर्डीहून भर उन्हात गाडी काढतो, पेनड्राइव्ह लावून पाहतो तर आत फक्त पब्लिक की, जिनं फायलींना कुलूप लागतं, उघडणारी सीक्रेट की नाहीच. म्हणजे कुलूप सांभाळून ठेवलं आणि चावी भंगारात गेली.

होतं असं, की क्लिओपॅट्राच्या यादीत आपल्या नावावर राइट क्लिक केलं तर एक्सपोर्ट दिसतं आणि माणूस तेच दाबतो, पण त्यातून फक्त पब्लिक की निघते, जी जगाला वाटायचीच असते. बॅकअपसाठी त्याच मेनूत वेगळं बॅकअप सीक्रेट कीज आहे, ते दाबायचं. फाईल बरोबर आहे का ते नोटपॅडमध्ये उघडून बघा, पहिल्या ओळीत प्रायव्हेट की ब्लॉक (प्रायव्हेट म्हणजेच सीक्रेट) लिहिलेलं पाहिजे, पब्लिक असेल तर तो बॅकअप नाही. बघून झालं की बंद करा, आणि ही फाईल तपासायला म्हणून मला व्हॉट्सॲपवर पाठवू नका (पाठवतात, खरंच पाठवतात).

"माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये असतं" हेही खूप ऐकतो. सीक्रेट की सीमध्येच असते, युजरच्या आत ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये. की रद्द करायचं सर्टिफिकेट आपोआप बनतं खरं पण तेही तिथंच, फॉरमॅटमध्ये दोन्ही सोबत जातात. मग आम्हीच काय, सॉफ्टवेअर बनवणारेही तुमच्या कुलूपबंद फायली उघडू शकत नाहीत, समोरच्याकडे मूळ फाईल असेल तर नवीन की पाठवून परत मागवायची, बस. पासफ्रेज (सीक्रेट कीचा पासवर्ड) विसरलात तरी हेच, इथं ओटीपी नसतो.

काही जण नाराज होतात की तुम्ही आमच्या कीची कॉपी दुकानात का ठेवत नाही. अहो ठेवली तर तुमच्या क्लायंटचे कागद माझ्या दुकानातल्या पोराच्या भरवशावर राहतील, चालेल का? म्हणून की तुमच्याच ऑफिसात, तुमच्यासमोर बनवतो, पासफ्रेज तुम्ही टाइप करता, तेव्हा मी खिडकीकडे बघतो.

दुसरी कटकट सर्टिफायची. मेलवर कुणाची पब्लिक की आली की लगेच सर्टिफाय दाबू नका, ती की खरंच त्याच माणसाची आहे हे तुम्ही सांगताय. आधी समोरच्याला फोन लावा, मेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, आणि फिंगरप्रिंटची (कीच्या ओळख-क्रमांकाची) 40 अक्षरं वाचून घ्या. शेवटची आठ पुरे म्हणतात लोक, पण आठ जुळणारी खोटी की बनवता येते. दोन मिनिटं लागतात, चहा गार होत नाही.

कीची मुदत संपली तर घाबरू नका, सीक्रेट की हाताशी असेल तर मुदत वाढवता येते, नवीन बनवायची गरज नाही, फक्त वाढवलेली पब्लिक की सगळ्यांना परत पाठवा.

वार्षिक मेंटेनन्स घेतलेल्यांचा बॅकअप आम्ही फुकट तपासून देतो, बाकीच्यांनी येण्याआधी फोन करावा. दोन पेनड्राइव्ह आणा, एक ऑफिसला, एक घरी. जुना 4 जीबीचा असला तरी चालेल, फाईल काही केबीचीच असते.