बसून पगार

पूर्णवेळ नोकरीचे पूर्ण वेतन दरमहा मिळत असताना त्या नोकरीत करण्याजोगे काम अगदी थोडे असणे, किंवा मुळीच नसणे, या स्थितीला बोलीत ‘बसून पगार’ म्हणतात. कामचुकारपणा याहून निराळा. कामचुकार माणसापुढे काम असते आणि तो ते टाळतो. बसून पगार घेणारा वेळेवर येतो, मस्टरवर सही करतो, जागेवर बसतो, पण काम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ‘माशा मारणे’ आणि ‘खुर्ची उबवणे’ हे वाक्प्रचार मात्र दोघांनाही सरसकट लावले जातात, त्यामुळे उणीव पदाच्या आखणीत असली तरी बोल पदावरच्या माणसाला लागतो. अग्निशमन दलाचा जवान किंवा रात्रपाळीचा वायरमन रिकामा बसलेला दिसला तरी तो या नोंदीत बसत नाही, कारण तयार असणे हेच त्याचे नेमून दिलेले काम आहे.

या स्थितीचे मूळ वेतनाच्या स्वरूपात आहे. उक्त्या कामात मोबदला झालेल्या कामाचा असतो. महिनेवारी नोकरीत तो दिलेल्या वेळेचा असतो. विदर्भात गुढीपाडव्याला सालगडी ठरवला जातो, तेव्हा शेतकरी त्याचे वर्ष विकत घेतो. पावसाने आठवडाभर उसंत दिली नाही आणि शेतात पाय ठेवता आला नाही, म्हणून सालाचे पैसे कापले जात नाहीत. कचेरीतली नोकरी याच कराराचे लांबलेले रूप आहे. फरक इतकाच की सालगड्याला रिकामा पाहून मालक गोठा सारवायला सांगतो, आणि कचेरीत तसे सांगणारा मालक सहसा समोर नसतो.

नागपूरच्या इतिहासात या प्रकाराचे एक ठळक उदाहरण सिंहासनावरचे आहे. देवगडच्या गोंड घराण्यातील बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले. पुढे घराण्यातील वारसाहक्काच्या तंट्यात रघूजी भोसले यांना मध्यस्थीसाठी बोलावण्यात आले आणि १७४३ च्या सुमारास राज्याची सत्ता त्यांच्या हाती गेली. रघूजींनी गोंड राजा बुऱ्हाण शाह याला पदच्युत केले नाही. त्याचे राजेपद, नागपुरातील निवास आणि उत्पन्नातील ठरावीक वाटा कायम ठेवून कारभार तेवढा स्वतःकडे घेतला. भोसल्यांच्या नव्या राजाला टिळा लावण्याचा मान गोंड राजाकडे राहिला, एवढेच काय ते काम. १८५४ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचे राज्य खालसा केले, तरीही गोंड राजाचे वंशज सरकारी वर्षासनावर राहिले. म्हणजे ज्यांनी काम काढून घेतले त्यांचे राज्य बुडाले आणि ज्यांचे काम गेले होते त्यांची नेमणूक चालू राहिली. हे राजेपद निरुपयोगी होते असे मात्र म्हणता येत नाही. नव्या सत्तेला जुन्या गादीची मान्यता हवी होती, आणि ती देणारा माणूस हजर असणे पुरेसे होते.

हजेरीचे हेच महत्त्व आधुनिक कामगार कायद्याने शब्दांत मांडले. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमुळे नागपूर गिरणगाव बनले, आणि कापूस, कोळसा किंवा वीज नसल्यामुळे यंत्रे थांबली तर कामगाराचे काय, हा प्रश्न शहराला घरचा झाला. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधील तरतुदींनुसार पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला अशा ‘ले-ऑफ’च्या दिवसांसाठी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळत असे. त्यासाठी अट एकच महत्त्वाची होती: त्याने कामाच्या वेळी दिवसातून निदान एकदा गिरणीत येऊन हजेरी लावली पाहिजे. हजर झाल्यापासून दोन तासांत काम मिळाले नाही तर तो त्या दिवसापुरता ले-ऑफ झाला असे धरले जाई. मस्टरवर नाव असूनही बदली कामगाराला, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तेव्हा त्याच्या जागी घेतल्या जाणाऱ्याला, हे संरक्षण नव्हते. रोज दारात उभे राहून काम न मिळाल्यास तो रिकाम्या हाताने परतत असे. काम दोघांनाही नसे, पण एकाच्या रिकाम्या दिवसाला दर होता आणि दुसऱ्याच्या रिकाम्या दिवसाला नव्हता, आणि कायम नोकरीची ओढ कशातून आली हे यावरून पुष्कळ समजते.

१९८२ च्या दुरुस्तीने याच कायद्यात आलेले कलम १७-ब आणखी पुढे गेले. कामगाराला परत घेण्याचा कामगार न्यायालयाचा निवाडा मालकाने उच्च न्यायालयात नेला, तर तो कामगार अन्यत्र नोकरीला नसल्यास निकाल लागेपर्यंत त्याला शेवटचे पूर्ण वेतन द्यावे लागे. नुकसान टाळायचे तर त्याला कामावर बोलावणे हाच मार्ग उरे. तरीही कित्येक मालक हट्टापायी वर्षानुवर्षे घरबसल्या पगार देत राहिले.

सरकारी नोकरीत ‘काम नाही, वेतन नाही’ हे तत्त्व संपाच्या वेळी हमखास आठवते, पण त्याला जागोजागी अपवाद आहेत. बदली झालेल्या अधिकाऱ्याला नवी जागा मिळालीच नाही तर मधला काळ ‘सक्तीचा प्रतीक्षा कालावधी’ ठरतो, आणि महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९८१ च्या नियमांनुसार तो कर्तव्यकाळ म्हणून नियमित करता येतो. म्हणजे वाट पाहणे हे कागदोपत्री कर्तव्य आहे. निलंबित कर्मचाऱ्याला आरंभी निम्म्या वेतनाच्या रजेइतका निर्वाह भत्ता मिळतो, आणि चौकशी लांबण्यास तो स्वतः जबाबदार नसेल तर पहिल्या तीन महिन्यांनंतर भत्ता वाढवता येतो. याखेरीज ‘साइड पोस्टिंग’ किंवा ‘अकार्यकारी पद’ नावाची एक अलिखित शिक्षा आहे. नावडत्या अधिकाऱ्याला तितक्याच वेतनाच्या पण अधिकार, कर्मचारी आणि फाइली नसलेल्या खुर्चीवर बसवले जाते. मुंबई-पुण्याच्या अधिकाऱ्यांत विदर्भातील बदलीलाच शिक्षा समजण्याची जुनी खोड आहे. नागपूरकरांना ती का टोचते, हे वेगळे सांगायला नको.

शाळांमध्ये हीच स्थिती ‘अतिरिक्त शिक्षक’ या नावाने ओळखली जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस विद्यार्थ्यांमागे आणि उच्च प्राथमिक स्तरावर पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले. दरवर्षीच्या संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे मंजूर करताना, पटसंख्या घटलेली दिसली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि दुसऱ्या शाळेत समायोजन होईपर्यंत त्याचे वेतन मूळ शाळेतून निघत राहते. वर्ग नसलेला हा शिक्षक मग निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि माहिती भरणे यांत गुंततो. त्याला रिकामा म्हणणारेही हीच कामे त्याच्या गळ्यात घालतात.

नागपूरला मात्र या विषयाची सर्वांत जास्त आठवण डिसेंबरात, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी, होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचे राजधानीपण संपले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात, शासनाने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात मुक्काम करावा आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन येथे घ्यावे असे ठरले होते. त्यामुळे सिव्हिल लाइन्स भागात विधानभवन, आमदार निवास, रविभवन, नागभवन, मुख्यमंत्र्यांचे रामगिरी आणि मुख्यमंत्र्यांच्या सचिवालयाचे हैदराबाद हाऊस अशा इमारती राजधानीच्या मापाने राखल्या गेल्या आणि त्यांचा मूळ हेतूसाठी वापर वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा राहिला. फाइलींचे ट्रक मुंबईहून येतात, रंगरंगोटी होते, मोर्चे निघतात, आणि नाताळच्या आगेमागे सगळे पुन्हा शांत होते.

यावरून ‘अकरा महिने झोपा, एक महिना काम’ असा समज शहरात पसरला आहे, आणि तो बराचसा अन्यायाचा आहे. रविभवन वर्षभर शासकीय विश्रामगृह म्हणून चालते. खानसामा, माळी, चौकीदार यांचे काम अधिवेशनासाठी थांबलेले नसते. इमारत राहती नसली तरी गवत वाढते आणि छत गळते. खरा रिकामेपणा त्या इमारतींत कायमस्वरूपी अधिकार नसण्यात आहे: निर्णय मुंबईत होतात, आणि मुंबईत निर्णय झालेला नसेल तर नागपूरच्या टेबलावर येण्यासारखे काही नसते. जानेवारी २०२१ मध्ये विधानभवनात विधिमंडळ सचिवालयाचा कायमस्वरूपी कक्ष सुरू झाला, तो याच तक्रारीला दिलेले उत्तर होता. योगायोग असा की, २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी करोनाच्या काळात हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत झाले, म्हणजे कक्ष उघडण्याच्या आगेमागच्या दोन्ही हिवाळ्यांत येथे अधिवेशनच नव्हते.

काम घटले तरी पदे घटत नाहीत, या निरीक्षणाला सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५५ मध्ये उपहासाने नियमाचे रूप दिले: उपलब्ध वेळ भरेल इतके काम फुगत जाते. १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, तर नौदल कचेरीतील अधिकारी २,००० वरून ३,५६९ वर गेले, असा त्याचा दाखला होता. बसून पगाराचे प्रकरण या नियमाच्या कडेला उभे आहे, कारण येथे काम फुगूनही वेळ भरत नाही. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रेबर यांनी २०१३ पासून निरर्थक नोकऱ्यांवर जे लिहिले, त्यातील माणूस बहुधा दिवसभर कशात तरी गुंतलेला असतो. त्याला अर्थ सापडत नाही. येथे गुंतण्याचीही सोय नाही. जपानमध्ये काम काढून घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसवलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांना ‘मादोगिवा-झोकु’, म्हणजे खिडकीकाठची जमात, म्हणतात. फ्रान्समध्ये २०२० साली पॅरिसच्या अपील न्यायालयाने काम न देऊन कर्मचाऱ्याला कंटाळ्याने खचवणे हा छळाचा प्रकार मानला. आपल्याकडे अशी तक्रार घेऊन कोणी गेला तर आधी हसू होईल.

खासगी क्षेत्रात, मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातल्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमुळे नागपूरच्या घराघरांत पोहोचलेला शब्द ‘बेंच’ हा आहे. एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंत अभियंता बेंचवर असतो. पगार चालू राहतो, दिवस प्रशिक्षणाचे व्हिडिओ पाहण्यात जातो. गिरणीतल्या ले-ऑफशी याचे साम्य मोठे आहे, पण निम्म्याऐवजी पूर्ण वेतन आणि कायद्याऐवजी कंपनीची मर्जी हा फरक निर्णायक ठरतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जून २०२५ मध्ये कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असावे आणि बेंचचे दिवस ३५ पेक्षा जास्त नसावेत असा दंडक घातला. त्यामुळे बेंचवरचा काळ विश्रांतीचा न राहता घड्याळाकडे बघण्याचा झाला आहे.

रिकामा वेळ कर्मचाऱ्याच्या मालकीचा नसतो, ही बाब या स्थितीबद्दल हेवा करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. एकदा विकलेला वेळ कोणी वापरला नाही म्हणून तो पुन्हा विकता येत नाही. मानद सामाजिक काम आणि प्रसंगोपात्त साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय काम यांना मात्र, कर्तव्यात बाधा येत नसेल तर, मुभा आहे. कचेरीतला तरुण लिपिक ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून लोकसेवा आयोगाच्या वरच्या परीक्षेचे पुस्तक वाचतो, कोणी पाठकोऱ्या कागदावर कविता लिहितो, कोणी पूर्व विदर्भात दिवाळीनंतर रंगणाऱ्या झाडीपट्टी नाटकांच्या तालमींचे वेळापत्रक जुळवतो. साहेब आल्याची चाहूल लागली की ड्रॉवर बंद होतो आणि टेबलावरची एकुलती एक नस्ती उघडली जाते.