आधी ऐरण, मग सूक्ष्मदर्शक

धातुशास्त्राच्या पुस्तकांत शाखा ओळीने मांडलेल्या दिसतात: निष्कर्षण, भौतिक, यांत्रिक. जणू कोणी एका बैठकीत विषयाची वाटणी केली असावी. प्रत्यक्षात यातली थोरली सुमारे सात हजार वर्षांची, आणि धाकट्या दोघींचं वय त्यापुढे काहीच नाही.

थोरलीचा प्रश्न साधा: दगडातून धातू काढायचा कसा? सर्बियातल्या बेलोवोदे इथे इ.स.पू. ५००० च्या सुमारास तांबं गाळलं जात होतं. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. लोणारी कोळसा आणि भाता असला की तिथवर मजल जाते. लोखंडाला १५३८ अंश लागतात. म्हणून जुन्या भट्ट्यांत ते वितळायचंच नाही. हाती यायचा तो मळीने भरलेला, जाळीदार गोळा. तो पुन्हा पुन्हा तापवून घणाखाली घालायचा, म्हणजे मळी बाहेर पडायची. (चीनमध्ये मात्र इसवी सनाच्या कित्येक शतकं आधी बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतत होते.) खाणी आणि भट्ट्यांचं हे ज्ञान जॉर्जियस अॅग्रिकोला या जर्मन विद्वानाने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं, ग्रंथ छापून आला १५५६ साली, तो वारल्यानंतर.

लालबुंद पात्याला पाणी पाजलं की ते कडक होतं आणि ठिसूळही; बेताने परत तापवलं की ठिसूळपणा उतरतो. लोहारांना हे पक्कं ठाऊक होतं. कारण मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. वाट सापडली ती शेफील्डच्या हेन्री सॉर्बी या भूवैज्ञानिकाला. खडकांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायची त्याला सवय. १८६३-६४ मध्ये त्याने पोलादाचा तुकडा आरशासारखा घासला, वर सौम्य आम्ल फिरवलं आणि भिंगाखाली धरला. एकसंध वाटणारं पोलाद आतून कणाकणांचं निघालं. त्यातल्या एका घटकाला मोत्याच्या शिंपल्यासारखी झळाळी होती. पुढे त्याचं नाव पर्लाइट पडलं. भौतिक धातुशास्त्राचा, म्हणजे धातूच्या आतल्या रचनेच्या अभ्यासाचा, पाया हा.

यांत्रिक शाखा बघते जोर लावल्यावर धातू कसा वागतो ते; तिचं कोडं वेगळं. धातूचा शुद्ध स्फटिक गणिताने सांगितलेल्या जोराच्या शतांशाहून कमी जोरात वाकतो. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिलं: अणूंची अख्खी ओळ एकदम हलत नाही, रचनेतला दोष सतरंजीतल्या घडीसारखा पुढे सरकतो. तांब्याची तार एकाच जागी दोन-चारदा वाकवली की तिथे ती ताठरते, ती या घड्या एकमेकींत अडकल्यामुळेच.